चुकून आलेली खुर्ची

पेटी उघडल्यावर आतून जी वस्तू निघाली ती पाहून घरातली तिन्ही माणसं एकदमच बोलायला लागली.

"हे काय आहे?" मुलगा म्हणाला.

"खुर्ची आहे," नाना म्हणाले.

"खुर्ची आहे ते मलाही दिसतंय, नाना. पण आपण रिक्लायनर मागवला होता. पाय वर करून झोपायचा."

"अहो, ही सलूनमधली खुर्ची आहे," सूनबाई म्हणाली. तिनं खुर्चीच्या पाठीला हात लावला, मान टेकायची उशी वर-खाली करून पाहिली आणि सोबत आलेली पिशवी उघडली. आत गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं काळं कापड होतं. कंपनीकडून सप्रेम भेट.

काळं चकचकीत रेक्झिन, खाली स्टीलचा जाडजूड गोल पाया आणि बाजूला पायानं दाबायचा दांडा. मुलानं तो दाबून पाहिला, तशी खुर्ची एखाद्या लठ्ठ माणसासारखी उसासा टाकून बोटभर वर आली. मुलगा घाबरून मागे सरला.

रिक्लायनर मागवला होता नानांसाठी. नानांनी सगळी नोकरी शहर बसच्या स्टिअरिंगमागे काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांची पाठ दुखायला लागली. पाठीबरोबर आणखीही काहीतरी दुखत असावं, पण ते डॉक्टरांच्या फोटोत दिसत नव्हतं. भिंतीला उशी लावून ते दिवसभर पलंगाच्या कोपऱ्यात बसून राहायचे. "नाना, चला, खाली एक चक्कर मारून येऊ," असं मुलगा म्हणाला की त्यांचं उत्तर ठरलेलं. "कशाला? जे जिथे होतं ते तिथेच आहे." शेवटी सूनबाईनं दिवाळखोर होण्याची तयारी ठेवून चांगल्यातला रिक्लायनर मागवला. निदान बसायचं तर नीट तरी बसा, एवढाच तिचा हेतू.

मुलानं लगेच कंपनीला फोन लावला. बासरी वाजली. मग एक दाबा, मग चार दाबा, मग पुन्हा बासरी. सगळी बटणं दाबून झाल्यावर "आपण चुकीचा पर्याय निवडला आहे" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. मुलगा सोफ्यावर असा बसला, जणू त्याचीच पेटी चुकीच्या घरी आली होती.

"द्या इकडे," सूनबाई म्हणाली.

इथे सूनबाईच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. ती पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात फोनवर बसायची. सकाळी नळाला पाणी आलं नाही की अख्खं गाव जिला आधी शिव्या देतं, ती बाई म्हणजे सूनबाई. चिडलेला माणूस, रडवेला माणूस, "मी कोण आहे माहीत आहे का" म्हणणारा माणूस, सगळ्यांना ती एकाच थंड, गोड आवाजात हाताळायची. तिच्याशी बोलून झाल्यावर पाणी यायचंच असं नाही, पण माणसाची तहान मात्र थोडी कमी व्हायची. तिचे साहेबसुद्धा घरी भांडण झालं की तिचा सल्ला घ्यायचे.

पुन्हा बासरी वाजली आणि एका मुलीचा आवाज आला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

सूनबाईनं सगळं सांगितलं.

"ताई, आपली गैरसोय मी समजू शकते."

सूनबाईच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू उमटलं. "बाळा, हे वाक्य दिवसभर मीच म्हणते. आता तू म्हणशील, आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे."

"...हो."

"आणि संबंधित विभाग म्हणजे तुझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी. ती आत्ता चहाला गेलीय."

"ताई, तुम्ही कुठे काम करता?"

"पाणीपुरवठा. तक्रार कक्ष."

"अय्या!" मुलीच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं आवाज खाली केला. "खरं सांगू? ती चहाला नाही, डबल शिफ्ट करून घरी गेलीय. पण मी उद्याच माणूस पाठवते. तो खुर्ची घेऊन जाईल, मग तुमचा रिक्लायनर येईल."

मुलगी दिल्या शब्दाला जागली. दुसऱ्या दिवशी माणूस आला. त्यानं मोबाईलवरचं चित्र पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं.

"मॅडम, वस्तू मॅच होत नाही."

"मॅच होत नाही म्हणूनच परत करायची आहे."

"पण मॅच झाली तरच परत घेता येते. इथे रिक्लायनरचं चित्र आहे. रिक्लायनर द्या, आत्ता नेतो."

"रिक्लायनर आला असता तर परत कशाला केला असता?"

"तेच तर म्हणतोय मी," माणूस कळकळीनं म्हणाला. तो वाईट नव्हता. जिना उतरताना त्यानं दोनदा मागे वळून सहानुभूतीनं पाहिलं. पण संध्याकाळी कंपनीचा संदेश आला. 'ग्राहकाने वस्तू परत देण्यास नकार दिला.'

खुर्ची राहिली. ती मोठी होती आणि घर लहान, त्यामुळे बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी जिथे ठेवली होती तिथेच राहिली. शेजारच्या काकू येऊन पाहून गेल्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकून आले आणि "तुम्ही घरीच सुरू केलंत म्हणे, बरं केलंत," म्हणून सरळ खुर्चीत बसले. त्यांना उठवताना मुलाला फार संकोच वाटला.

ते उठल्यावर नाना म्हणाले, "बघू तरी कशी आहे."

नाना बसले. पाय आपसूक दांड्यावर गेला. त्यांनी दाबला. खुर्ची उसासा टाकून वर आली. अजून दाबला, अजून वर. हळूहळू खिडकीची चौकट खाली गेली आणि रस्ता, चौक, सिग्नल, समोरचा बसथांबा, सगळं त्यांच्यासमोर पसरलं. नानांची पाठ, जी गेलं वर्षभर उशीशिवाय उभी राहत नव्हती, ती कुणी न सांगता ताठ झाली. दोन्ही हात हँडलवर आले.

"हा बघ, हा बघ!" नाना एकदम ओरडले. "हात न दाखवता वळला! अरे, मागे बस आहे तुझ्या, बस!"

मुलगा स्वयंपाकघरातून धावत आला. हा आवाज घरात फार दिवसांनी निघाला होता.

दुसऱ्या दिवसापासून नाना सकाळी लवकर अंघोळ करून, शर्ट खोचून खुर्चीत बसायला लागले. कुठली बस उशिरा आली, कुठल्या ड्रायव्हरचा क्लचवरचा पाय जड आहे, चौकातला हवालदार कुठल्या बाजूला झुकतं माप देतो, याची खडान्‌खडा माहिती जेवताना मिळायला लागली. पाठ दुखते का, असं विचारलं तर ते म्हणाले, "कुणाची?"

सूनबाई हे पाहत होती, पण तक्रार ती सोडणार नव्हती. तक्रार म्हणजे तिच्या दृष्टीनं गॅसवर ठेवलेलं दूध. अर्ध्यात उठून जायचं नसतं. शिवाय जी वस्तू आपण घेतलीच नाही ती घरात ठेवायची म्हणजे कुणाची तरी वस्तू अडवून बसायचं, हेही तिला खुपत होतं. तिनं कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर चारचौघांत दिसेल अशी सविस्तर तक्रार लिहिली आणि खाली नवऱ्याचा फोन नंबरही दिला.

नंबर द्यायला नको होता. सूनबाई कामावरून घरी आली तेव्हा मुलगा फोन कानाला लावून उत्साहात बोलत होता.

"हो साहेब. ते अ‍ॅप उतरवून घेतो. हो, स्क्रीन तुम्हाला दिसेल असं करतो." त्यानं सूनबाईला खूण केली. "अगं, रिफंड मंजूर झाला! फक्त ओटीपी सांगायचाय."

सूनबाईनं चप्पलही न काढता फोन त्याच्या हातातून घेतला.

"बोला. तक्रार क्रमांक?"

"अं?" पलीकडचा पुरुषी आवाज दचकला. "मॅडम, मी कंपनीतून बोलतोय. तुमचे पैसे परत..."

"तक्रार क्रमांक सांगा. त्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही."

"मॅडम, आज सिस्टीम स्लो आहे."

"आमचीही असते. मी थांबते. सावकाश बघा."

असं सौजन्य त्या बिचाऱ्याला धंद्यात कधी भेटलं नसावं. तो गडबडला. कागद चाळल्याचा आवाज आला.

"हां, सापडलं. तुमची ती सलूनची खुर्ची आली नाही, तीच तक्रार ना? खुर्चीऐवजी रिक्लायनर पाठवला म्हणून?"

सूनबाई हळूच सोफ्यावर बसली. हा चोर पानावरच्या तक्रारी वाचून सगळ्यांना फोन करत होता आणि आता दुसऱ्याच कुणाची तरी तक्रार वाचत होता. म्हणजे या शहरात असा एक माणूस होता ज्यानं सलूनची खुर्ची मागवली आणि ज्याच्या घरी नानांचा रिक्लायनर गेला.

"हो हो, तीच," ती मधाळ आवाजात म्हणाली. "पण दुकानाचं नाव तिथे बरोबर लिहिलंय ना? अक्षर चुकलं तर पैसे अडकायचे."

चोरानं दुकानाचं नाव वाचलं.

"आणि गल्ली?"

चोरानं गल्लीही वाचली.

"अगदी बरोबर."

"आता तो ओटीपी, मॅडम."

"आपली गैरसोय मी समजू शकते," सूनबाई म्हणाली. "आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवत आहे." आणि फोन ठेवून तिनं तो नंबर खरोखरच संबंधित विभागाकडे, म्हणजे सायबर पोलिसांकडे पाठवला.

"फसवायला आला होता?" मुलानं पांढऱ्या चेहऱ्यानं विचारलं.

"हो. पण इतक्या दिवसांत अचूक माहिती देणारा तो एकटाच भेटला," सूनबाई म्हणाली. "चला, सलून बघून येऊ."

सलून छोटं, स्वच्छ, एका ओळीत आरसे असलेलं. पण आत एक विलक्षण शांतता होती. बाकावर बसलेली माणसं कुजबुजत होती. आरशासमोर रिक्लायनर पूर्ण उघडलेला, त्यावर एक गिऱ्हाईक पाय वर करून गाढ झोपलेलं, एका गालावर साबण, दुसरा गाल गुळगुळीत. आणि शेजारी गुडघे टेकून बसलेला, घामाघूम झालेला सलूनवाला.

"हळू बोला, ताई," तो ओठावर बोट ठेवून म्हणाला. "जागे झाले की चिडतात."

सूनबाईनं आपण कोण ते सांगितलं. सलूनवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझी खुर्ची तुमच्याकडे आहे? सुखरूप आहे? ताई, माझी जुनी मी भंगारात दिली, नवी येणार म्हणून! यात मान मागे टाका म्हटलं की यांचे पाय वर येतात. फिरवता येत नाही, म्हणून मीच गिऱ्हाइकाभोवती रांगतो. दाढी संपते पण झोप संपत नाही. हे साहेब सकाळपासून आहेत."

"गिऱ्हाईक तर वाढलेलं दिसतंय," मुलगा बाकाकडे पाहत म्हणाला.

"वाढलंय हो! पण केस कापायला कोण येतंय? सगळे झोपायला येतात. माझे गुडघे गेले. तुम्ही म्हणाल तेव्हा टेम्पो घेऊन येतो. तुमचं तुम्हाला, माझं मला."

यापेक्षा सोपं काही असू शकत नव्हतं. सूनबाई हो म्हणाली आणि दोघं परत निघाली. घराजवळ आल्यावर तिनं सहज वर पाहिलं. खिडकीत नाना उंच, ताठ बसले होते. चौकातून एक बस वळली. ड्रायव्हरनं मान वर करून छोटासा हॉर्न दिला. नानांनी दोन बोटं कपाळाला लावली. बस पुढे गेली.

सूनबाई फुटपाथवर उभीच राहिली.

"अहो, आता ही खुर्ची यांच्याखालून काढून घ्यायची?"

"दुसरी मागवू तशीच."

"रिक्लायनरचा निकाल लागल्याशिवाय दुसरी कुठून मागवणार?" ती पुन्हा खिडकीकडे पाहू लागली. मग म्हणाली, "आमच्याकडे एका गल्लीत नळ चुकीच्या पाइपला जोडलाय. दर वेळी माणूस दुरुस्तीला जातो आणि पुन्हा त्याच पाइपला जोडून येतो. चूक एकदा बसली की बसते. मी बदली वस्तू मागते. कंपनीच्या गोदामात पेट्यांवरच्या चिठ्ठ्या उलट्या लागल्यात, म्हणजे पुन्हा सलूनचीच खुर्ची येणार. ती सलूनवाल्या दादांना द्यायची. त्यांच्याकडचा रिक्लायनर परत नेणाऱ्याच्या चित्राशी मॅच होतो, तो त्यानं न्यायचा. नाना आहेत तिथेच राहतील."

मुलगा तिच्याकडे पाहतच राहिला. लग्न ठरताना घरच्यांनी तिच्या स्वयंपाकाचं कौतुक केलं होतं. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सलूनवाल्याला घरून फोनवर ही योजना, नळ-पाइपासकट, दोनदा सांगावी लागली. तो प्रामाणिक माणूस होता. "ताई, यात आपण कुणाला फसवत तर नाही ना?"

"कुणालाच नाही, दादा. किंमत सारखीच आहे. आपण फक्त कंपनीच्या चुकीवर विश्वास ठेवतोय."

मग तिनं कंपनीतल्या त्या मुलीला फोन केला. बोलता बोलता कळलं की मुलगी याच शहरात राहते आणि तिच्या खोलीवर महिनोन्‌महिने पाणी चढत नव्हतं. सूनबाईनं पत्ता विचारला, आपल्या टेबलावरून एक फोन केला, आणि दुसऱ्या सकाळी त्या मुलीच्या नळाला असं पाणी आलं की ती ओल्या केसांनीच कामावर आली. "ताई," ती गहिवरून म्हणाली, "तुमची बदली वस्तू मी आजच पाठवते. अगदी जातीनं."

ठरल्या दिवशी सलूनवाला टेम्पोत रिक्लायनर घालून आला. पाठोपाठ कंपनीची गाडी आली. तोच सहानुभूतीवाला माणूस खाली उतरला. एकट्यानं पेटी वर येईना, तेव्हा मुलानं आणि सलूनवाल्यानं हात लावला. नाना खुर्चीत बसून, पाठ फिरवून रस्त्याकडे पाहत होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण घर लहान होतं.

पेटी खोलीच्या मधोमध ठेवली गेली. सलूनवाल्यानं डोळे मिटून हात जोडले. एखाद्या कंपनीच्या हातून चूक व्हावी म्हणून इतक्या मनापासून कुणी प्रार्थना केली नसेल. मुलानं चिकटपट्टी कापली. झाकण उघडलं. वरचं प्लॅस्टिक काढलं.

आत रिक्लायनर होता. अगदी मागवला होता तोच, त्याच रंगाचा.

तेवढ्यात सूनबाईचा फोन वाजला.

"आला का, ताई?" मुलीचा आवाज आनंदानं फुलला होता. "मी स्वतः गोदामात फोन केला. म्हटलं, माझ्या ताईंची पेटी आहे, उघडून बघा, मगच बंद करा. चिठ्ठ्या उलट्या लागत होत्या तिकडे, तेही निस्तरलं. आता कुणालाच चुकीचं जाणार नाही!"

सूनबाईनं एकदा रिक्लायनरकडे पाहिलं. मग जगातल्या सगळ्या तक्रार कक्षांच्या वतीनं म्हणाली, "फार चांगलं काम केलंस, बाळा. खरंच." आणि ते तिच्या मनातूनच आलं होतं.

सलूनवाला खुर्चीकडे पाहत नव्हता. "जाऊ द्या, ताई," तो म्हणाला. "काका बसू देत. मी आहे तसं भागवीन काही दिवस."

"गुडघ्यांवर?" खिडकीकडून आवाज आला.

नानांनी दांडा तळापर्यंत दाबून धरला. खुर्ची उसासे टाकत खाली आली. ते उतरले, खिशातून रुमाल काढून त्यांनी दोन्ही हँडल पुसली.

"मी बहिरा नाही," ते म्हणाले. "नळ, पाइप, सगळं ऐकलंय. सूनबाई, डोकं चांगलं चालवलंस. पण गाडी ज्याच्या ड्युटीची, त्याच्याच हातात पाहिजे. याचं पोट आहे हिच्यावर."

"काका, तसं नको..."

"आणि उचलताना पाया धरा, पाठ नाही. वेल्डिंग सुटेल. थांबा, मीच येतो खाली."

सहानुभूतीवाल्या माणसानं टेम्पोतल्या रिक्लायनरशी चित्र जुळवून पाहिलं. ते जुळलं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं सगळ्यांशी हात मिळवले, सलूनवाल्याशी दोनदा. नाना जिना उतरले, जो त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. टेम्पोत खुर्ची चढली. ती नीट बसवली जाते की नाही ते पाहायला नाना ड्रायव्हरशेजारी बसले आणि टेम्पो गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्यांनी ड्रायव्हरला दोन सूचना दिलेल्या ऐकू आल्या.

दुपार झाली तरी नाना आले नाहीत. सूनबाईनं सलूनवाल्याला फोन लावला.

"काका? आहेत की इथे," तो म्हणाला. मागे कात्रीचा आवाज येत होता. "खुर्ची आली तसे सगळे एकदम कापून घ्यायला धावले, नंबरावरून भांडणं लागली. काकांनी दारात स्टूल टाकलं आणि रांग लावली. कुणी मध्ये घुसलं की ओरडत नाहीत, नुसते आरशातून बघतात. माणूस आपोआप मागे जातो. ताई, त्यांना थोडा वेळ राहू द्याल का?"

नाना संध्याकाळी चालत आले. दाढी गुळगुळीत, मानेला पावडर, शर्टावर दुसऱ्याचे केस. खिडकीपाशी नवा रिक्लायनर होता. त्यांनी त्याची पाठ थोपटली.

"छान आहे. तू बस यावर. दिवसभर लोकांचं ऐकतेस."

"नाना, तुमच्यासाठी आणलाय."

"सुट्टीच्या दिवशी बसेन," नाना म्हणाले आणि हात धुवायला आत गेले. नळाचा आवाज थांबला. "आणि हे बघ, उद्यापासून डबा दे. दुपारचं यायला जमणार नाही."

मुलानं काही बोलायला तोंड उघडलं. सूनबाईनं त्याचा हात धरला.

"मोठा देऊ की लहान?" तिनं विचारलं.

"मोठाच दे," आतून नाना म्हणाले. "तो सलूनवाला कामाच्या नादात जेवायचं विसरतो."